तिसरा रस

पिशवीतून दगड एकोणचाळीसच निघाले.

ओयदिननं ते पुन्हा मोजले, या वेळी दहादहाच्या रांगा लावून. शेवटच्या रांगेत एक जागा रिकामी राहिली. जर्दाळूएवढे, ओढ्याच्या पाण्यानं गुळगुळीत झालेले हे दगड दर नवरोजला, वसंतातल्या नववर्षाला, सुमलकच्या कढईत तळाशी जायचे. दिवसभर आणि रात्रभर ढवळताना मोडाच्या गव्हाची ती खीर खाली लागू नये म्हणून. वाढताना ज्याच्या वाडग्यात दगड आला, त्यानं तो वर्षभर सांभाळायचा आणि पुढच्या नवरोजला परत आणून द्यायचा. चाळिसावा कुणाकडे आहे हे तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्याच नवरोजला, तो तिच्या मुलीच्या, लोबारच्या, वाडग्यात आला होता आणि अख्ख्या गल्लीनं त्याचा एकच अर्थ काढला होता: मूल.

तिनं दगड धुवायला घेतले.

अंगणाच्या पलीकडच्या टोकाला लोबार मोड आलेला गहू कुटून, फडक्यात घालून पिळत होती. जानेवारीत एक पिशवी घेऊन ती सासरहून, मर्गिलानहून, आली होती. "थोडे दिवस," म्हणाली होती. दीड वर्षात दोनदा पोटातलं मूल गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी वर्षभर थांबायला सांगितलं होतं, पण तो कागद सासरच्या कपाटात घड्या पडून राहिला. माहेरी आल्यापासून तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ओयदिननंही नाही. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला एक सवय लागते: गढूळ पाणी आधी तसंच ठेवायचं, हलवायचं नाही.

"पहिला रस झाला," लोबार म्हणाली. "दुसराही होत आलाय. तिसरा काढू का, आई?"

"काढ. झाकून सावलीत ठेव."

"तिसऱ्यात काय राहतं गं? नुसतं पाणी."

"राहतं थोडं. आणि ते थंड असतं, हे महत्त्वाचं."

लोबारनं मान डोलावली. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. मग मान वर न करताच तिनं विचारलं, "मस्तुराबाई आज येणारेत ना?"

"चार वाजता. गाडी घेऊन."

"मला घेऊन जायला."

ओयदिननं दगडांवर पाणी ओतलं. "ढवळायला येतायत, असं म्हणाल्या."

"आई, तू खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात."

हे खरं होतं. ओयदिननं रुमाल कानांवर ओढला आणि दोघीही हसल्या. हसता हसता लोबार थांबली. "मी काय म्हणू गं कढईपाशी? आजी मूल म्हण म्हणाली, तर म्हणावं लागेल. आणि एकदा म्हटलं, की मग गाडीत बसायचं."

कुवा गावातल्या बाकीच्या घरांत सुमलक ढवळताना नियत, म्हणजे नव्या वर्षाचं मागणं, मनातल्या मनात धरत. या घरात ती मोठ्यानं म्हणायची. ओयदिनच्या सासूबाई शरोफतबाई यांचा तसा नियमच होता. मनात मागणारे स्वतःशीच घासाघीस करतात, असं त्यांचं म्हणणं. आणि कुणाला सुचलं नाही, तर त्या स्वतः नेमून देत. चाळीस वर्षं त्यांनी सगळ्यांना नियत नेमून दिली होती: याला दुसरा मजला, त्याला नोकरी, हिला नवरा. कढईवर सगळ्यांदेखत म्हटलेलं कुणी मागे घेत नसे. सुमलक खाल्लेल्या गल्लीला वर्षभर तोंड दाखवायचं असतं.

"तुझ्या मनात काय आहे?" ओयदिननं विचारलं.

"झोप," लोबार म्हणाली. "हसू नकोस. खरंच. सकाळपर्यंत सलग झोप. चहा गरम असताना प्यायचा. कालव्यापर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. बाबा मागे थंडीसाठी पुरलेली डाळिंबाची झाडं उकरून काढतायत ना मातीतून, ते रोज बघायचं. बस." तिनं फडकं पिळलं. "हे काय, नियत म्हणायचं असतं?"

ओयदिनला उत्तर द्यायचं होतं, पण फाटकातून सबोहत आली.

सबोहत म्हणजे ओयदिनची थोरली नणंद. दोन गल्ल्या पलीकडे राहायची, आणि तिचा आवाज तिच्याआधी एक गल्ली ओलांडून यायचा. लोबारचं लग्न तिनंच जुळवलं होतं. लोबारची सासू मस्तुरा तिची शाळेतली मैत्रीण. जानेवारीपासून ती या घरात आली की आधी लोबारच्या पिशवीकडे बघायची, अजून खुंटीवरच आहे का म्हणून.

"अजून कढई चढली नाही? सूर्य डोक्यावर आला! ओयदिन, तुमच्या प्रयोगशाळेत सगळं असंच चालतं का गं?"

"चढवतेय, वन्सं."

"मस्तुरा येईल तेव्हा रंग यायला हवा. फिक्कट खळ दाखवायचीय का तिला?"

शरोफतबाई तुतीखालच्या बाजेवर उशांना टेकून बसल्या होत्या. डिसेंबरात बर्फावरून पडल्यापासून त्यांचं खुब्याचं हाड नीट सांधलं नव्हतं. काठी मांडीवर आडवी. डोळे मिटलेले असले तरी त्या झोपलेल्या नसत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"सबोहत," डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "रंग शेवटी येतो. आधी येतो तो करपण्याचा."

तेल तापलं, त्यात कणीक पडली, मग दुसरा रस आणि वरून पहिला. दगड खाली सरकले. इथून पुढचा दीड तास सगळ्यांत नाजूक असतो, आणि त्यातली ऊब शरोफतबाई बोटानं ओळखत: एक म्हणेपर्यंत बोट आत ठेवता यावं, दोन म्हणेपर्यंत नाही. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ओयदिननं चोरून तापमापक बुडवून पाहिला होता. चौसष्ट अंश. गव्हाच्या मोडातला जो घटक पिठाची साखर करतो तो याच उबेत काम करतो. त्याहून जास्त तापलं की मरतो, आणि मग कितीही शिजवा, पीठ ते पीठच राहतं. सुमलकमध्ये साखरेचा कणही पडत नाही. सगळी गोडी या दीड तासात येते. सासूबाईंच्या बोटाचं आणि पाऱ्याचं उत्तर एकच निघालं, तेव्हा नव्या सुनेनं तापमापक पुसून ठेवला आणि पुन्हा कधी काढला नाही.

सराटा सबोहतच्या हाती देऊन ती तंदूरमधल्या रोट्या काढायला गेली. शेजारच्या दोन घरी रोट्या पोचवल्या, एके ठिकाणी थांबावं लागलं. परत आली तेव्हा फाटकाशी पांढरी गाडी उभी होती आणि अंगणातून फटफट आवाज येत होता.

कढई उकळत होती. जाड, मोठे बुडबुडे वर येऊन फुटत होते. खाली तुतीचे चार नवे ओंडके.

"वन्सं! हे काय केलंत?"

"काय म्हणजे? जोर दिला. मस्तुरा लवकर आली, तुझी कढई गार पडलेली!"

मस्तुरा खुर्चीत बसून गुडघा चोळत होती. मखमली अंगरखा, नवा रुमाल. "अहो विहीणबाई, उकळलं म्हणून काय बिघडलं? उकळायचंच आहे ना शेवटी?"

ओयदिननं चमचाभर काढून, फुंकून शरोफतबाईंपुढे धरलं. म्हातारीनं जिभेवर घोळवलं.

"पीठ," शरोफतबाई म्हणाल्या. "पिठाची खळ."

सबोहतचा चेहरा उतरला. उद्या सकाळी सव्वाशे वाडगी जायची होती. "आई, मी... दोन किलो साखर टाकू या. कुणाला कळणार आहे?"

"मला."

"तुझ्याखेरीज?"

"माझ्याखेरीज तुला." काठी जमिनीवर आपटली. "ओयदिन. ओंडके ओढ बाहेर. तिसरा रस आहे का?"

"आहे, आजी," लोबारच बोलली. ती मडकं घेऊन आधीच उभी होती. "सावलीत ठेवलाय. थंड आहे."

"ओत. सगळा नको, थोडा थोडा. बोट लावत लावत. त्यात अजून जीव असेल, तर पिठाला वळवील." म्हातारीनं नातीकडे पाहिलं. "नसेल तर नाही वळणार. घाई मात्र आता नको."

धूर डोळ्यांत जात असताना दोघींनी ओंडके ओढले. लोबार ओतत होती, ओयदिन ढवळत होती आणि मधूनमधून बोट बुडवत होती. 'एक'ही म्हणवत नव्हतं. मग एक म्हणवलं. मग ती म्हणाली, "बास." निखाऱ्यांवर राख लोटली. आता नुसतं थांबायचं होतं.

थांबणं मस्तुराच्या स्वभावात नव्हतं.

"तोवर नियत म्हणून होऊ दे," ती म्हणाली. "मला अंधार पडायच्या आत पोचायचंय. लोबार, ये बेटा. घे सराटा. जसुरची आई म्हणून मी इथं आहे, तुझी आई आहे, आजी आहे. सगळ्यांदेखत म्हण. देव ऐकतो अशा वेळी."

"घे गं," सबोहतनंही री ओढली. कढईची चूक दुसऱ्या कशानं तरी झाकली जावी, असं तिला वाटत असावं. "आई, तू दे तिला नियत. तू दिलीस की लागते."

लोबारनं सराटा धरला. तिचे हात अजून पांढरे होते. शरोफतबाईंनी घसा खाकरला. नियत देण्याआधी त्या नेहमीच तसा खाकरत. चौतीस वर्षं ऐकलेला तो आवाज ओयदिननं आज पुरा होऊ दिला नाही.

"सासूबाई," ती म्हणाली. "या वेळी तिचं तिला म्हणू द्या."

तिला स्वतःचा आवाज फार मोठा वाटला. खरं तर तो नेहमीएवढाच होता. फक्त या अंगणात या बाबतीत तो आजवर निघालाच नव्हता.

"अगं!" सबोहत म्हणाली.

शरोफतबाईंनी डोळे उघडले. "का?"

"कारण तुम्ही द्याल ते ती म्हणेल. मीही म्हणायचे."

"मुलगा. सहा वर्षं दिली तुला ती नियत मी."

"हो."

"म्हणालीस ना?"

"सहा वर्षं म्हणाले. सातव्या वर्षी नुसते ओठ हलवले." ओयदिनचे कान लाल झाले होते, पण या वेळी खोटेपणानं नव्हे. "मनात दुसरंच धरलं."

मस्तुरानं गुडघा चोळणं थांबवलं.

"काय धरलंस?" म्हातारीनं विचारलं.

सत्तावीस वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. मोठ्यानं म्हणताना ते फारच लहान वाटलं. "की या वर्षी रोज दुपारी अर्धा तास मला कुणी हाक मारू नये."

सबोहत फिस्सकन हसली. मग एकटीच हसतोय हे लक्षात येऊन थांबली.

"म्हणून तू त्या वाळल्या जर्दाळूंच्या खोलीत जायचीस," शरोफतबाई म्हणाल्या.

ओयदिन त्यांच्याकडे बघतच राहिली.

"तुला काय वाटलं, मला दिसत नव्हतं? कडी लावायचीस आतून. पोत्यावर बसायचीस. रडायचीस का झोपायचीस, ते मी विचारलं नाही."

"झोपायचे," ओयदिन म्हणाली. "बहुतेक."

"हं. आणि अर्धा तास त्या दाराशी एकही कोंबडी ओरडली नाही, याचं तुला कधी नवल नाही वाटलं? सतरा कोंबड्या होत्या तेव्हा. आणि ही सबोहत, तेव्हाही अशीच बोंबलत यायची."

"आई!"

"हाकलत बसायचे मी. काठी घेऊन. तेव्हा काठी कोंबड्यांसाठीच होती."

दर दुपारची ती शांतता ती स्वतःचं नशीब समजत आली होती. जर्दाळूंचा वास, फटीतून येणारी उन्हाची तिरीप, आणि बाहेर काहीच नाही. आत्ता तिला कळलं, त्या काहीच नाहीच्या जागी बाहेर एक बाई उभी होती.

"मग सहा वर्षं मुलगा म्हणायला का लावलंत?" तिनं विचारलं. विचारायचं नव्हतं, पण आलंच तोंडून.

"मलाही तेच म्हणायला लावलं होतं," म्हातारी म्हणाली. "दुसरं काही म्हणता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. तू पोत्यावर जाऊन बसलीस तेव्हा कळलं. पण तोंडानं कबूल करायला सत्तावीस वर्षं लागली, आणि एक हाड मोडावं लागलं." मग काठी लोबारकडे वळली. "म्हण गं पोरी. तुझं तू म्हण. पण मोठ्यानं. घराचा नियम आहे."

लोबारनं सराटा एकदा फिरवला. मग अंगरख्याच्या खिशातून काहीतरी काढलं. गुळगुळीत, जर्दाळूएवढं. तिनं ते कढईच्या काठावरून अलगद सोडलं. टपकन आवाज झाला आणि ते बुडालं.

"चाळिसावा," ती म्हणाली. "दोन वर्षं उशाशी ठेवला होता. परत देतेय." मग एक श्वास घेऊन, "या वर्षी मला सकाळपर्यंत झोप लागू दे. चहा गरम असताना प्यायला मिळू दे. रोज कालव्यापर्यंत चालून येईन. डाळिंबाला पालवी कधी फुटते ते बघेन. डॉक्टरीणबाईंनी वर्ष सांगितलंय, तर वर्ष. त्यानंतरचं त्यानंतर." सराटा हातातून सुटू नये म्हणून तिनं तो दोन्ही हातांनी धरला होता. "आणि कुणी विचारलं तर 'बरी आहे' असं म्हणणार नाही, बरी नसेन तर."

"हे काय मागणं झालं?" मस्तुरा उठून उभी राहिली, गुडघा धरून पुन्हा बसली. "झोप! चहा! आणि माझा मुलगा? त्यानं काय करायचं वर्षभर? लोक मला काय विचारतात ठाऊक आहे?"

"त्याला रविवारी येऊ द्या ना," लोबार म्हणाली. "एकट्याला. माझ्याबरोबर कालव्यापर्यंत चालू दे. जसुर वाईट नाहीये. दोन्ही वेळा दवाखान्याच्या जिन्यावर तोही रडला होता. तुम्हाला सांगितलं नाही त्यानं."

मस्तुरानं रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधली. हे तिला माहीत नव्हतं, हे सगळ्यांना दिसलं. सबोहतनं आयुष्यात पहिल्यांदा दुसरीकडे पाहण्याचा शहाणपणा केला. कढईतला फेस बघत बसली.

"विहीणबाई," शरोफतबाई म्हणाल्या, "या. ढवळल्याशिवाय इथून कुणी जात नाही."

मस्तुरा लंगडत आली. सराटा घेतला. एक फेरी, दोन फेऱ्या. तयारीनं आणलेली नियत तिच्या ओठांपर्यंत आलेली दिसत होती. ती तिथंच राहिली. मागच्या बागेतून ओयदिनच्या नवऱ्याच्या, कुद्रतच्या, फावड्याचा आवाज येत होता, माती उकरल्याचा, मग थांबल्याचा.

"हा गुडघा," मस्तुरा अखेर म्हणाली. "यंदा जिना चढताना दुखू नये."

"ओमीन," शरोफतबाईंनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. "चांगली आहे. डॉक्टरलाही दाखवा."

सबोहतला विचारल्यावर ती म्हणाली, मी हळू बोलायला शिकेन. ती तेही इतक्या मोठ्यानं म्हणाली की शेजारच्या भिंतीवरून कुणीतरी हसलं.

ओयदिनची पाळी आली तेव्हा तिनं आधी बोट बुडवून पाहिलं. एक. दोन नाही. चमचा चाटला. जिभेच्या टोकाला, पिठाच्या मागून, अगदी पुसट काहीतरी येत होतं. गोड म्हणता येईल इतकं नव्हतं. नाहीच असंही म्हणता येत नव्हतं. तिनं चमचा सासूबाईंना दिला, आणि दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली: लाकूड आता टाकायला हरकत नाही, एकच, बारीक.

गाडी पाचला गेली. मागच्या सीटवर रोट्यांची थप्पी होती, आणि पिशवी खुंटीवर होती.

सकाळी उजाडलं तेव्हा अंगण भरलेलं होतं. वाडगी घेऊन बायका रांगेत, पोरं भिंतीवर. रात्रीचे ढवळणारे हात बदलत गेले होते आणि पहाटेपूर्वी कढईवर झाकण पडलं होतं. झाकण उघडताना घरातलं प्रत्येक माणूस समोर असावं लागतं; न दिसणाऱ्याची नियत वाफेबरोबर जाते, असं सगळे मानत.

सगळे होते. लोबार नव्हती.

"झोपलीय अजून!" सबोहत कुजबुजली, म्हणजे तिच्या मानानं. "उठवते तिला. झाकण थांबवा."

तिनं दोन पावलं टाकली आणि थबकली.

तुतीखालची बाज रिकामी होती. डिसेंबरपासून एकट्यानं उभ्या न राहिलेल्या शरोफतबाई अंगण अर्धं ओलांडून लोबारच्या खिडकीखाली पोचल्या होत्या. एका हातानं भिंत धरलेली, दुसऱ्या हातात काठी. खिडकीखाली सांडलेल्या गव्हावर चार कोंबड्या जमल्या होत्या आणि त्यातली एक मान वर करून ओरडायच्या बेतात होती.

"शुक," म्हातारी हलक्या आवाजात म्हणाली. "शुक. तिकडे."

ओयदिननं झाकणाच्या कडीवरचा हात काढला नाही. तिनं सबोहतकडे पाहिलं, सबोहतनं रांगेकडे, आणि ओठांवर बोट ठेवलं. रांगेतली शेवटची बाईसुद्धा गप्प झाली.

मग ओयदिननं झाकण उचललं. जरासाही आवाज न करता.